डिकॉस्टाची गिटार आणि अव्वाचा बत्ता

९ ऑगस्ट १९७४

बायको रत्नम्मा पहिल्या बाळंतपणाला अक्कलकोटला माहेरी गेली आणि घरात मनातलं बोलायला माणूस उरलं नाही. म्हणून ही वही. आज लिहायला कारणही घडलं. रेल्वे लाइनीतल्या डिकॉस्टासाहेबांकडून मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली, आणि घरी आणल्यापासून हा शहाणपणा झाला की गाढवपणा हेच कळेना झालंय.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या दुकानातून कर्णे, माइक आणि अँप्लिफायर भाड्याने जातात. लग्नसराई संपली की सगळं धूळ खात पडतं. भवानी पेठेतला कुंडलिक ऑर्केस्ट्रा चालवतो, सामान माझ्याकडूनच नेतो. तो परवा म्हणाला की वाजवायला तो स्वतः आहे, पण धड गिटार मिळत नाही. तिकडे रेल्वेतले अँग्लो-इंडियन लोक यंदाच्या संपानंतर एकेक करून ऑस्ट्रेलियाला चाललेत आणि जाताना घरातलं सगळं विकतात. मी विचार केला, त्यांच्या जुन्या गिटारी आपण घ्याव्यात आणि ऑर्केस्ट्रावाल्यांना द्याव्यात. धंदा नवा, पण गिऱ्हाईक ओळखीचं.

डिकॉस्टा मेल गाडीचे ड्रायव्हर होते, आता रिटायर झालेत. मी भाव पाडून मागितल्यावर म्हणाले, "गुरू, नया लकडी गीला रहता. पुराना सूख गया, तब गाता है." म्हणजे वस्तू जुनी म्हणून किंमत जास्त. आमच्या सोलापुरात चादर एकदा धुतली की फुकट द्यावी लागते. जुनं ते सोनं म्हणायला ठीक आहे, पण सोनं म्हणून जुनं विकत घेणारा मी पहिलाच असेन.

घरी पुढच्या खोलीत बसून तारेवर बोट मारलं. आवाज डब्यात अडकलेल्या माशीएवढा. सतारीला भोपळा असतो, हिच्या पोटात पोकळीच नाही, नुसता भरीव पाट. कनेक्शन लागतं हे ठाऊक होतं, पण त्याशिवाय ही इतकी मुकी असेल असं वाटलं नव्हतं. दाराशी हेमावती उभी होती. तिने पाहिलं आणि आत गेली.

हेमावती माझी धाकटी बहीण. संक्रांतीच्या सणाला दाजी तिला आणून सोडून गेले ते न्यायला आलेच नाहीत. त्यांच्या इंडीकडच्या गावी आता घरात दुसरी बाई आहे असं कळतं. तेव्हापासून हेमा विचारलं तेवढंच बोलते आणि वाढलेल्यातलं निम्मं ताटात ठेवते. डोळ्यांदेखत पोरगी वाळत चालली आहे आणि मला काय करावं ते सुचत नाही. गिटारीचं निदान डिकॉस्टांना विचारता येईल.

१० ऑगस्ट

दुकानातला छोटा अँप्लिफायर घरी आणून गिटार जोडली. आवाज मोठा आला, पण मागे एक सारखी गुणगुण. वायर बदलली, प्लग उलटा केला, काही फरक नाही. गंमत म्हणजे तारांवर हात ठेवला की गुणगुण थांबते, हात काढला की पुन्हा सुरू. फसलो म्हणून तसाच सायकलवर रेल्वे लाइनीत गेलो. डिकॉस्टा पोट धरून हसले. जुनी आहे, अशीच असते म्हणाले. जुनी असण्याचं कौतुकही तेच सांगतात आणि खोड निघाली तर सबबही तीच. अशा माणसाशी धंदा कसा करायचा?

संध्याकाळी हेमा चहा घेऊन आली तेव्हा तिला ती गुणगुण दाखवली. तिने तळहात तारांवर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

"तान्ह्या पोरावानी हाय," ती म्हणाली. "हात ठिवला की गप."

लग्नाला इतकी वर्षं झाली, मूल नाही, तिकडची तक्रार हीच तर आहे. अव्वाने, आमच्या आईने, तोंड फिरवलं. मी अँप्लिफायर बंद केला. हेमाने पुन्हा एकदा तारेवर बोट मारून पाहिलं आणि विचारलं, करंट नसला की एवढाच आवाज येतो का? मी म्हटलं हो, शेजारच्या खोलीतसुद्धा जायचा नाही, तोच तर दोष आहे. ती कप घेऊन गेली. सहा-सात महिन्यांत तिने आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न, आणि मला उत्तर द्यावं लागलं तेही असलं.

१२ ऑगस्ट

श्रावणी सोमवार. मठात भजनाला गेलो. आमच्या वडिलांचा, अप्पांचा, तंबोरा तिथेच असतो, ते गेल्यावर अव्वाने देऊन टाकला. अप्पा असताना दर सोमवारी भजन आमच्या घरी व्हायचं आणि तंबोरा लावायचं काम हेमाचं. परकर नेसायची तेव्हापासून. अप्पांना स्वतःला तितकं नीट जमायचं नाही, ते खुंटी पिळून तारा तोडायचे. आज तंबोरा ज्याच्या हातात होता त्याने तो नुसता धरला होता, लावलेला नव्हताच. हेमाला चल म्हटलं होतं, आली नाही. नवऱ्याने टाकलेली म्हणून बायका विचारतात. त्यांना विचारू नका म्हणून मी कसं सांगणार?

गिटार दुकानात ठेवायची सोय नाही, वर कौलं गळतात आणि खाली उंदीर. पुढच्या खोलीतच खोक्यात ठेवली आहे.

१९ ऑगस्ट

कालपासून अधिक महिना लागला. जावयाला वाण द्यायचा महिना. अव्वा सकाळपासून विचारते आहे की अनारसे करू की नको, आणि केले तर द्यायचे कुणाला? मी म्हटलं, मला दे. तिला हसू आलं नाही.

कुंडलिक गिटार बघायला आला. मांडीवर घेऊन तार छेडली आणि तोंड वाकडं केलं. म्हणाला, ह्या तारा भलत्याच लागल्यात, अशी गिटार कोण लावतं? वाकड्या म्हणाव्यात तर तसंही नाही, एकमेकींशी जुळून आहेत. मग पिळून पिळून स्वतःच्या पद्धतीने लावली, वाजवून पाहिली आणि खूश झाला. घेतो, पण दसऱ्यानंतर, दिवाळीचे कार्यक्रम ठरू दे म्हणाला. तोवर आणखी एखादी मिळते का बघा. मला बरं वाटलं. फक्त ते तारांचं कोडं डोक्यातून जाईना.

२२ ऑगस्ट

आज खोकं उघडलं तर तारा पुन्हा भलत्याच. कुंडलिकने लावल्याला तीन दिवस झाले नाहीत. डिकॉस्टांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, तारा आपोआप उतरतात, आपोआप चढत नाहीत. माझ्या तर दोन तारा चढल्या होत्या. ह्यावर त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मी म्हटलं सोलापूरचं ऊन-पावसाचं हवामान, लाकूड फुगत असेल. ते म्हणाले, "हो सकता." पण त्यांच्या आवाजावरून तसं वाटलं नाही.

२९ ऑगस्ट

वाडी जंक्शनला जाऊन दुसरी गिटार आणली. तिथल्या एका ड्रायव्हरच्या विधवेकडे होती. जाण्याआधी डिकॉस्टांनी जुनी गिटार कशी पारखायची ते शिकवलं होतं: एक डोळा मिटून मानेकडून सरळ बघायचं, मान वाकलेली नको. प्रत्येक पट्टीवर तार दाबून बघायची, कुठे खरखर नको. स्क्रू ढिले चालतील, पण मुलाम्याखालचा गंज नको. तिथे गेलो आणि त्या म्हाताऱ्या बाईंनी नवऱ्याचा फोटो पुसून माझ्यासमोर ठेवला. मी एक डोळा मिटला, पण वाकलं काय नि सरळ काय, काही दिसलं नाही. घेऊन आलो. घरी जोडली तर निम्म्या तारा बोलतात, निम्म्या नाहीत. पदरी पडलं पवित्र झालं. शेवटी आतला तुटलेला टाका मीच सोल्डरचा डाग देऊन जोडला आणि मग मात्र ती पहिलीपेक्षा खणखणीत निघाली. म्हणजे मला येतं ते गिटारीचं काम नव्हे, डाग द्यायचं.

अव्वा म्हणाली, मी नव्हतो त्या दिवशी हेमाने मागून भाकरी घेतली, वर शेंगांची चटणीही. आम्ही दोघंही त्यावर पुढे काही बोललो नाही. बोललो तर दृष्ट लागेल अशी भीती वाटली.

५ सप्टेंबर

दोन दिवस अव्वा खलबत्त्याचा लोखंडी बत्ता शोधते आहे. खल जागेवर आणि बत्ता गायब. आज दुपारी गिटारीचं खोकं उघडलं तर बत्ता आत! फडक्यात नीट गुंडाळून ठेवलेला.

जरा वेळाने माझ्या लक्षात आलं. तान्ह्याच्या उशाखाली आपल्याकडे लोखंड ठेवतात, बाहेरची बाधा लागू नये म्हणून. गिटार परक्या घरातली, कुणाच्या हाताखालची कुणास ठाऊक, म्हणून अव्वाने ठेवला असणार. असलं केलेलं बोलून दाखवायचं नसतं. म्हणून हरवल्याचं सोंग. तिच्या मायेने मला भरून आलं. मीही काही विचारलं नाही. बत्ता होता तसा ठेवला आणि मंगळवार बाजारातून नवा आणून दिला. अव्वाने तो हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुज्यासारका तूच रे बाबा." तिला माझं कौतुक वाटलं असावं.

आणखी एक. हल्ली दुपारी घरी आलो की पुढच्या खोलीत माशी गुणगुणत असते. दार ढकललं की थांबते. जाळी बसवायला हवी.

२१ सप्टेंबर

गणपती बसले, श्वास घ्यायला सवड नाही. सगळे कर्णे बाहेर, दोन अँप्लिफायर जळता जळता वाचले. कुंडलिकने दुसरी गिटार भाड्याने नेली आहे आणि गर्दी खेचतो आहे.

पण आज लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणाने. भर दुकानात निंगप्पा आले, दाजींचे चुलते. शेजारच्या मंडपात एवढा गोंगाट की त्यांचं बोलणं मला त्यांच्या तोंडाकडे बघून समजून घ्यावं लागलं. हेमाची सासू अंथरुणाला खिळली आहे. घरात आहे ती दुसरी बाई तिचं काही करायला तयार नाही. म्हणून हेमाला न्यायचं. दसरा झाला की ते स्वतः येतील. ती तिथे नांदेल का, कुठल्या खोलीत, कोण म्हणून, हे मी विचारलं. ते म्हणाले, लग्नाची बायको हाय की, आनि काय पायजे?

घरी सांगितलं. अव्वा मग म्हणाली, दिली ती दिली, लोक किती दिवस विचारतील आणि आपण किती दिवस सांगू? हेमाला विचारलं तर म्हणाली, "तुमी ठरवा." मला राग आला. कुणाचा ते कळेना. निंगप्पांचा, दाजींचा, अव्वाचा, की भाऊ असून हो-नाही म्हणायचं धाडस नसलेल्या माझा? पाठवू नये असं मला वाटतं. पण ठेवून घेऊन तिला काय देणार? ह्या घरात ती दिवसभर नुसती भिंतीकडे बघत बसते असं मला वाटतं, आणि भिंती तिकडेही आहेत.

२ ऑक्टोबर

कुंडलिकचं नक्की झालं. पहिली गिटारही तो घेणार, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येईल. दिवाळीत पार बार्शी-लातूरपर्यंत कार्यक्रम आहेत. मी शब्द दिला. जेवताना घरी सांगितलं की चला, एकदाचा तो मुका पाट घरातून जाईल.

हेमाचं जेवण तिथेच थांबलं. ताट तसंच ठेवून उठली. नंतर चुलीवर दूध उतू गेलं तरी ती शेजारी बसून होती. निंगप्पांच्या येण्याचा धसका घेतला आहे पोरीने. मी तिला म्हटलं, तुला जायचं नसेल तर स्पष्ट सांग. ती म्हणाली, हितं तरी काय राहणाराय? मला अर्थ लागला नाही. इथे आम्ही राहणार आहोत की.

९ ऑक्टोबर

डिकॉस्टा उद्या ऑस्ट्रेलियाला जाणार. विकण्याआधी एकदा बघून घ्या म्हणून गिटार त्यांच्याकडे घेऊन गेलो. घर रिकामं, बोललं की आवाज फिरून येत होता. दोन ट्रंकांवर बसून त्यांनी गिटार उजेडात धरली आणि तारांवरून बोट फिरवत राहिले. तारांवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चकाकी आली होती. पट्ट्यांवर दाबून वाजवली तर पट्टीपाशी झिजते, सरळ रेघेत नाही.

"लोहे से बजाता है कोई," ते म्हणाले. "मांडी पे रख के. रोज."

मी म्हटलं शक्यच नाही, घरात वाजवणारं कुणी नाही. त्यांनी विचारलं, घर में कौन कौन है? मी सांगितलं, आई आणि बहीण. त्यांनी ट्रंकेतून तारांची नवी पाकिटं काढली, होती तेवढी सगळी माझ्या हातात दिली आणि पैसे घेतले नाहीत. मग म्हणाले, "मत बेचो, गुरू." विकून मोकळा झालेला माणूस मला विकू नको म्हणतो! मी हसून नमस्कार केला. येताना सायकलवर मात्र कसंनुसं वाटत होतं. लोखंड म्हणाले, आणि खोक्यात बत्ता तर आहे. पण अव्वा ह्या वयात गिटार वाजवेल हे काही पटत नाही.

२४ ऑक्टोबर, खंडेनवमी

दुकानातलं सगळं सामान घरी आणून पुजलं. अँप्लिफायर, माइक, पकडी, डाग द्यायची इस्त्री, ओळीने मांडून भस्माच्या तीन तीन रेघा ओढल्या. दोन्ही गिटारी मधोमध. कुंडलिकची भाड्याची मुद्दाम परत आणली होती. मग मला आठवलं, बत्ताही इतके दिवस राखणीला आहे, त्यालाही मान हवा. म्हणून तो फडक्यातून काढून गिटारीशेजारी ठेवला आणि त्यालाही भस्म लावलं.

हेमा हसली. पदर तोंडावर धरून, खांदे हलेपर्यंत हसली. संक्रांतीनंतर मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. अव्वाने भाकरी थापता थापता थांबून पाहिलं. मी विचारलं काय झालं, तर हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती मागच्या दारी गेली. मला ह्यातलं काहीही कळलेलं नाही.

आज हत्यारांना हात लावायचा नसतो. दुपारभर घरीच लोळलो. घर फार शांत होतं. माशी नव्हती. हेमा चारदा पुढच्या खोलीच्या दाराशी येऊन गेली आणि पूजेकडे बघून मागे फिरली.

२६ ऑक्टोबर

आज घडलं ते सगळं लिहायचं आहे.

अव्वाने सकाळीच हेमाची पिशवी भरून पुढच्या खोलीत भिंतीशी ठेवली होती. निंगप्पा दहाच्या सुमारास आले. पाणी, चहा झाला. तेवढ्यात कुंडलिक आला. मी त्याला थांब म्हणायला हवं होतं, पण गोंधळलो आणि बस म्हटलं. एकाच सतरंजीवर एक माझी बहीण न्यायला बसला आणि एक गिटार. एकाला मी शब्द दिलेला आणि दुसऱ्याला नाही म्हणायचं मला जमलेलं नव्हतं.

कुंडलिकने गिटार काढली, तार छेडली आणि म्हणाला, पुन्हा तेच. मग चिडून सगळ्यात बारीक तारेची खुंटी धरून करकचून पिळायला लागला.

"ती तार वढू नगा," आतून आवाज आला. "तुटंल. आदी जाड लावून घ्या."

हेमा उंबऱ्यावर उभी होती. निंगप्पांनी मान वर केली. त्यांनी आपल्या सुनेला कधी गड्यांत बोलताना ऐकलं नसावं. कुंडलिकचा हात खुंटीवर तसाच राहिला. मी तिला विचारलं, तुला कसं ठाऊक?

"रोज मीच लावती की, अण्णा."

मग एकेक करून सगळं माझ्या डोक्यात आलं. भलत्या तारा म्हणजे सा आणि प, अप्पांच्या तंबोऱ्याच्या. बत्ता, तारांवरची चकाकी, दुपारची माशी, मागून घेतलेली भाकरी. शेजारच्या खोलीतसुद्धा आवाज जायचा नाही हा दोष मीच तिला सांगितला होता. तेच तर तिला हवं होतं. टाकलेली पोरगी घरात बसून वाजवते असं गल्लीला कळू न देता वाजवता येईल असं दुसरं वाद्य सगळ्या सोलापुरात नसेल. आणि मी ते विकायला काढलं होतं.

निंगप्पा म्हणाले, आवर बाई, गाडीची वेळ होईल. हेमाने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काय केलं ते आता सांगायला सोपं वाटतं, त्या वेळी तसं नव्हतं. माझ्या हाताला जे येतं तेच मी केलं. उठलो, छोटा अँप्लिफायर ओढला, वायर जोडली आणि बटण दाबलं. गुणगुण सुरू झाली. कुंडलिकच्या मांडीवरची गिटार उचलून मी हेमापुढे ठेवली.

ती खाली बसली. मांडीवर आडवी घेतली, तळहात तारांवर ठेवला, गुणगुण थांबली. फडक्यातला बत्ता काढला. मग अप्पा सोमवारी ज्या चालीवर सुरुवात करायचे तीच चाल तिने वाजवली, बत्ता तारेवरून घसरत घसरत, माणसाच्या गळ्यासारखी. आवाज थेट रस्त्यावर जात होता. समोरच्या माडीवरच्या बायका बाहेर आल्या. मला लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही, रडू आलं.

वाजवून झाल्यावर ती निंगप्पांना म्हणाली, "सासूबाईंचं करायला बाई ठिवा, काका. मी यायची न्हाय."

निंगप्पांनी अव्वाकडे पाहिलं. अव्वा उठली, भिंतीशी ठेवलेली पिशवी उचलली आणि आत घेऊन गेली. आतूनच म्हणाली, "जेवून जावा, पाव्हनं." ते जेवले नाहीत. पुन्हा कुणी येणार नाही, पुढे आमच्याकडे बोट दाखवू नका, असं काहीबाही बोलून गेले.

कुंडलिकला मी म्हटलं, ही विकायची नाही, दुसरी ने. तो म्हणाला, शब्द दिला होता. दिला होता, खरंच आहे. तो दुसरी घेऊन गेला आणि जाताना सांगून गेला की यापुढे अँप्लिफायर दुसरीकडून नेईन. मोठं गिऱ्हाईक गेलं. धंद्यात दिलेला शब्द मी ह्याआधी कधी मोडला नव्हता, आणि मोडल्याचं वाईट वाटायला हवं तेवढं वाटत नाही, हेही मला नीट समजत नाही.

२८ ऑक्टोबर

सोमवार. अव्वाने मठात निरोप धाडला की भजन आजपासून पुन्हा आमच्या घरी. किती येतील याची खात्री नव्हती. आले थोडेच, पण आले. दोघीतिघी बायका नुसत्या बघायला आल्या होत्या, त्याही बसल्या.

मी अव्वाला विचारलं, तुला ठाऊक होतं का? ती म्हणाली, "मला काय कान न्हाईत? तू नवा बत्ता आनलास तवा कळालं, तुलाच न्हाईत." मग हेमाला पाठवायला का निघाली होतीस म्हटल्यावर तिने भस्माचं तबक उचलून दुसरीकडे ठेवलं. मग म्हणाली, भ्याले होते रे.

हेमाने गिटार लावली, मी अँप्लिफायर जोडला. दोन पदं झाली आणि तिसऱ्याला करंट गेला. हल्ली रोज संध्याकाळी जातो. अँप्लिफायरचा लाल दिवा विझला, गिटारीचा आवाज एकदम माशीएवढा झाला. मी कंदील शोधायला उठलो. हेमा थांबली नाही. वाजवतच राहिली.

कंदील घेऊन आलो तर सगळी माणसं जागेवरून सरकून तिच्याभोवती जवळ जवळ येऊन बसली होती, माना पुढे काढून. अव्वा सगळ्यांच्या पुढे. मला बसायला जागाच उरली नव्हती, म्हणून कंदील हातात धरून मी दाराशी उभा राहिलो आणि ऐकत राहिलो.